धुऱ्यावरच्या तरोट्याचा चहा

मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाले की विदर्भात धुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर), पांदणीच्या कडेला, गावठाणाच्या पडीक जागेत तरोटा दाट उगवून येतो. पुण्या-मुंबईकडचे लोक त्याला टाकळा म्हणतात. "मिरगात तरोट्याची भाजी खाल्लीच पायजे," असं बजावणारी एखादी म्हातारी गावोगावी भेटते. कोवळी पानं खुडायची, उकडून पिळायची, कांदा-लसूण-मिरची आणि भिजवलेली डाळ घालून परतायची. पावसाळ्याच्या सुरुवातीला अशी भाजी दोन-चारदा होते. पानं जून झाली की तरोट्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. चुरडलेल्या पानांना उग्र वास येतो, म्हणून गुरंही तोंड लावत नाहीत, आणि चराईच्या जमिनीवर तो निर्धास्त वाढतो.

मला मात्र या झाडाची ओढ लागते ती दिवाळीच्या सुमाराला, शेंगा वाळू लागल्यावर. त्या शेंगांतल्या बिया भाजून पाण्यात उकळल्या की फिक्या तांबूस रंगाचा, कॉफीच्या जवळ जाणाऱ्या वासाचा चहा होतो. चीन आणि कोरियात असा चहा घरोघरी ओळखीचा आहे. जपानमध्ये तो 'हाबुचा' नावानं विकला जातो. तिकडे मुख्यतः तरोट्याचा सख्खा भाऊ शोभावा अशी सेना ऑब्ट्युसिफोलिया ही जात वापरतात. आपला तरोटा म्हणजे सेना टोरा. दोघांत फरक इतका थोडा की वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्यांना बराच काळ कधी एक मानलं, कधी वेगळं. ओळखीची एक खूण पानावर असते. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, आणि खालच्या दोन जोड्यांच्या बेचक्यात एकेक बारीकशी नारिंगी ग्रंथी उभी असते. ऑब्ट्युसिफोलियाला ती बहुधा फक्त सर्वांत खालच्या जोडीपाशी दिसते. भिंग असेल तर उत्तम, नसेल तरी सकाळच्या उजेडात डोळ्यांना दिसते. सकाळीच बघा, कारण संध्याकाळ झाली की तरोटा पर्णिका मिटून घेतो.

चहा करायला अवघड काही नाही. वाळलेल्या शेंगा बडवून बी सुपात पाखडायचं, खडे वेचायचे, आणि कोरड्या कढईत मंद आचेवर हलवत राहायचं. थोड्या वेळानं बिया तडतडतात, गडद होतात आणि खरपूस वास सुटतो. तेवढं झालं की उतरवायचं. करपलं तर चहा नुसता कडू होतो. चमचाभर बी दोन कप पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून गाळून घ्यायचं. यात कॅफीन नसतं, त्यामुळे रात्री प्यायला तरी झोप उडत नाही. दूध घालू नये, असं माझं मत आहे. या चहाची चव अगदी हलकी असते आणि दुधात ती बुडून जाते.

भाजणं केवळ चवीसाठी नाही. तरोट्याच्या बीमध्ये क्रायसोफॅनॉल, इमोडिन, ऑब्ट्युसिन अशी अँथ्राक्विनोन गटातली रसायनं असतात. बरीचशी साखरेच्या रेणूला जोडलेल्या रूपात असतात. त्या रूपात ती लहान आतड्यात फारशी शोषली जात नाहीत, सरळ मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात. तिथले जीवाणू साखर तोडतात, मोकळं झालेलं रसायन आतड्याच्या हालचालीला चालना देतं आणि पोट साफ होतं. सोनामुखीचं औषध याच मार्गानं काम करतं, आणि सोनामुखी ही तरोट्याच्याच कुळातली, सेना वंशातली. कढईच्या उष्णतेत ही जोडणी बऱ्याच प्रमाणात तुटते आणि अँथ्राक्विनोनांचं एकूण प्रमाणही घटतं. म्हणून कच्च्या बीचा काढा ढाळ लावू शकतो, भाजलेल्या बीचा चहा सौम्य राहतो. जुन्या चिनी औषधपद्धतीत कच्चं आणि भाजलेलं बी ही दोन वेगळी औषधं मानतात, त्याचं कारण हेच.

आपल्याकडे तरोट्याचा मोठा मान त्वचेच्या रोगांत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिसऱ्याच अध्यायात कुष्ठासाठीचे, म्हणजे त्वचारोगांसाठीचे, लेप सांगितले आहेत, त्यांत हा 'एडगज' नावानं येतो. खेड्यांत आजही गजकर्णावर बिया आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लावतात. या उपायाला प्रयोगशाळेचा आधारही मिळाला आहे. भारतीय संशोधकांनी 1975 साली तरोट्याच्या बीमधून क्रायसोफॅनिक आम्लाशी संबंधित एक अँथ्रोन (अँथ्राक्विनोनांच्या जवळचं रसायन) वेगळं काढलं आणि बुरशीला रोखणारा मुख्य घटक तोच असल्याचं दाखवलं. गजकर्ण बुरशीचाच रोग, त्यामुळे धागा जुळतो. पण बुरशी काचेच्या बशीत रोखणं निराळं आणि माणसाच्या कातडीवर बरी करणं निराळं. शिवाय हा लेप नाजूक कातडीला झोंबतो. सध्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमं आणून लावल्यामुळे गजकर्ण फार चिवट झालं आहे. ते पसरत असेल तर लेपावर दिवस घालवू नयेत, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

चहाच्या बाबतीत दावे पुष्कळ ऐकू येतात: डोळ्यांना चांगला, रक्तदाबाला चांगला, कोलेस्टेरॉल उतरवतो, साखर उतरवतो. यातल्या कोलेस्टेरॉलच्या दाव्यामागे थोडा पुरावा आहे. 2005 साली कोरियात 15 मधुमेही रुग्णांना दोन महिने तरोट्याच्या बीमधला विद्राव्य तंतू जीवनसत्त्वांसोबत दिला. एकूण कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, रक्तातली साखर मात्र उतरली नाही. तिथे दिला होता तो बीच्या गराचा तंतू. अख्खं बी उकळून गाळलेल्या पाण्यात तो फारच थोडा उतरतो, म्हणून तो निष्कर्ष चहाला लावता येत नाही. डोळ्यांसाठी चीनमध्ये हा चहा शतकानुशतकं पितात, पण त्यानं माणसाची दृष्टी सुधारते हे चाचण्यांनी सिद्ध झालेलं नाही. बिनकॅफीनचं, बिनसाखरेचं एक चवदार पेय म्हणून तो प्यावा, आणि माझ्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे. गरोदर बायांनी आणि लहान मुलांनी तो टाळावा. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

तरोट्याच्या बीमधल्या या गराची एक बाजारू बाजूही आहे. त्यात गॅलॅक्टोमॅनन हे चिकट कर्बोदक असतं, गवारीच्या बीमध्ये असतं त्याच जातीचं. गवारीत दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज (दोन्ही साध्या शर्करा), तर तरोट्यात साधारण पाचामागे एक. त्यामुळे इतर डिंकांबरोबर त्याची जेली घट्ट बसते. कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाद्यात तो डिंक लागतो, युरोपात त्याला ई 427 हा क्रमांक आहे. तरोट्याचं बी गौण वनोपजात मोडतं, केंद्राच्या हमीभावाच्या यादीतही आहे. जंगलालगतच्या गावांतून ते पोत्यांनी विकलं जातं, पण कच्चंच. भाजून, निवडून, पाकीट करून विकणारे बचत गट उभे राहावेत असं मला मनापासून वाटतं.

मात्र त्याआधी एक गोष्ट प्रत्येक वेचणाऱ्या बाईला ठाऊक हवी. तरोट्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो, सेना ऑक्सिडेंटॅलिस. त्याच्या बियांनी लहान मुलांना यकृत, स्नायू आणि मेंदूवर घाला घालणारा आजार होतो. पश्चिम उत्तर प्रदेशात तो कित्येक वर्षं मेंदूज्वर समजला जात होता. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं या बियांशी त्याचा संबंध दाखवला. ओडिशातल्या मलकानगिरीत 2016 साली बालकांचे मृत्यू झाले, तेव्हाही जपानी मेंदूज्वराबरोबर याच झाडाकडे तज्ज्ञांनी बोट दाखवलं. भाजलं म्हणजे ते निर्धोक होईल, यावर भरवसा ठेवू नये.

झाड उभं असताना दोन्ही सहज ओळखता येतात. तरोट्याच्या पर्णिका टोकाला गोलसर आणि जोड्या तीन; कासविंद्याच्या टोकदार आणि जोड्या चार-पाच. तरोट्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली; कासविंद्याची चपटी, रुंद, फिक्या कडांची. बीही वेगळं असतं: तरोट्याचं चकचकीत आणि तिरप्या कापल्यासारखं, कासविंद्याचं चपटं, गोलसर आणि मळकट. तरी बडवून ढीग झाल्यावर एकेक दाणा निवडणं कठीण जातं. म्हणून शेंगा तोडतानाच झाड बघून तोडाव्यात, आणि ज्या धुऱ्यावर दोन्ही मिसळून उगवलेत तिथलं बी चहासाठी घेऊच नये.