पेनगंगेपलीकडचा पैसा

मागच्या आठवड्यात यवतमाळकडच्या वणीला एका पानठेल्यावर खर्रा घेतला, पन्नासची नोट दिली, परत आलेली चिल्लर न पाहताच खिशात कोंबली. रात्री पँट खुंटीला लावताना सगळी नाणी खाली सांडली, तेव्हा दिसलं की दोनच्या नाण्यांत एक पाहुणा बसलाय. पांढरं, एका बाजूला लांब चोचीची सुरई, दुसरीकडे अरबी अक्षरं. मोबाईलवर शोधलं तर निघाला दुबईकडचा 1 दिरहम. तो 24 मिमीचा, आपला 2011 नंतरचा दोनचा 25 मिमीचा, ठेल्यावरच्या मिणमिणत्या उजेडात कोण फरक पाहते! वजनात दिरहम भारी भरतो, पण चिल्लर तोलून घ्यायचे दिवस आता कुठं राहिले.

एके काळी मात्र खरंच तोलून घ्यायचे. रुपया चांदीचा होता तोवर छाप कोणाचा ही दुय्यम गोष्ट, चांदी किती हे पहिलं. 1835 ला कंपनी सरकारनं 180 ग्रेनचा म्हणजे बरोबर तोळाभराचा रुपया ठरवला, पण म्हणून बाकीचे रुपये एका रात्रीत गायब थोडीच झाले, नागपूरकर भोसल्यांचा वेगळा, निजामाचा वेगळा, आणि सगळे एकाच बाजारात फिरायचे. सराफ नाणं दगडावर आपटून आवाज ऐकायचा, खणकन वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर बट्टा कापून घ्यायचा. नावाला बट्टा लागला असं आपण आजही म्हणतो ना, तो बट्टा हाच. पोतदार आडनावही याच धंद्यातलं, खजिन्यात आलेली नाणी पारखणारा तो पोतदार.

आता आमच्या वणीची गंमत बघा. 1853 ला निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, त्याच वर्षाच्या शेवटी नागपूरचे भोसले वारस नसताना वारले आणि डलहौसीनं ते राज्यही खालसा केलं. म्हणजे वणी वऱ्हाडात, वर्धा नदी ओलांडली की चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा, तो नागपूर प्रांतात, आणि पेनगंगेपलीकडे निजामाचं राज्य. राजुरासुद्धा निजामाकडेच. कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचंच म्हणायचं, पण नाणं चालायचं इंग्रजांचं. त्याला कलदार म्हणत, कारण तो कळीवर, म्हणजे मशीनवर पाडलेला. निजामाचा तो हाली सिक्का, हाली म्हणजे सध्या चालू असलेला. त्यावर पुढं चारमिनार आला.

आमचे आबा राजुऱ्याकडं बैल घ्यायला जायचे तर कमरेच्या पिशवीत दोन वेगळ्या पुरचुंड्या असायच्या, एकीत कलदार, दुसरीत हाली. हाली दिसायला तसाच गोल पण किमतीला कमी, 1950 ला सरकारी हिशोबात भाव धरला तो 7 हाली म्हणजे आपले 6 रुपये. आता सत्तर हालीचा बैल कलदारात कितीला पडला हे ज्याला तोंडी येत नाही तो तिथंच बुडाला (साठ, मीही आधी बोटं मोजली).

1948 ला पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य भारतात आलं, तरी हाली लगेच संपला नाही. 1951 पासून नवा काढणं थांबलं, पण पूर्ण बाद व्हायला 1959 उजाडलं, आणि त्याच साली राजुरा तालुका चांदा जिल्ह्याला जोडला गेला. मधल्या काळात 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, आधी रुपयाचे 64 पैसे होते ते 100 झाले, चार आण्याचे 25 नवे पैसे हे सरळ पण एका आण्याचे सव्वासहा, आता तो पाव पैसा कोणी कोणाला द्यायचा? म्हणजे दोन वर्षं तिकडचा माणूस हाली, आणे आणि नवे पैसे असे तीन हिशोब डोक्यात घेऊन बाजार करत होता. आपल्याला यूपीआयचा सर्व्हर डाऊन झाला तरी घाम फुटतो.

आजीच्या डब्यात अजून भोकाचे पैसे आहेत, 1943 चे, लढाईत तांब्याची टंचाई झाली म्हणून मधोमध भोक पाडून काढलेले. भंडाऱ्याच्या एका मित्रालाही असाच एक मिळाला, तो खूश, पण निघाला जपानी 5 येन. पिवळा, मधे भोक आणि वर चक्क धानाची लोंबी. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला जपानी पाहुणे येतात, तिकडूनच आला असावा. धानपट्ट्यातल्या माणसाच्या हाती लोंबीवालं नाणं, त्यानं ते देव्हाऱ्यात ठेवलंय.

आणि ज्या दिरहमचं मला एवढं नवल वाटलं तो खरं तर कालचा पोरगा आहे, 1973 चा. त्याआधी 1966 पर्यंत दुबईत आपलाच रुपया चालायचा, 1959 ला रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या पण चिल्लर भारताचीच. 1966 ला इथं रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा त्यांनी त्याला रामराम केला.

दुसऱ्या दिवशी दिरहम घेऊन ठेल्यावर गेलो, म्हटलं भाऊ हे पाहा काय दिलं. त्यानं उलटसुलट करून पाहिलं, म्हणाला, "राहू द्या जी, चालते कुठीबी." मग मी खर्र्याच्या पैशात आपलं दहाचं नाणं पुढं केलं. रिझर्व्ह बँकेनं 2018 ला स्पष्ट सांगितलंय की दहाच्या नाण्याचे चौदाही डिझाईन चालतात. त्यानं हातही लावला नाही.

"हे नाई चालत जी इकडं. नोट द्या."