झेंडूचा हार नव्हे, झेंडूचं मूळ

दसरा आटोपला की नागपुरात सीताबर्डीच्या फूलबाजारात न खपलेल्या झेंडूचे ढीग लागतात आणि मोबाइलवर दरवर्षीचा सल्ला फिरू लागतो: सुकलेले हार वाफ्यात, संत्र्याच्या आळ्यात पुरा, सूत्रकृमी (मुळांना लागणारे, मातीतले धाग्यासारखे सूक्ष्म कृमी) मरतील. खत म्हणून खुशाल पुरा. सूत्रकृमी मात्र त्या हारांना भीक घालणार नाहीत.

सूत्रकृमींची पिल्लं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, मातीतल्या ओलाव्यात पोहत मुळांपर्यंत येणारी. टोमॅटो किंवा वांग्याचं झाड उपटल्यावर मुळांना गाठी दिसल्या तर ते त्यांचं काम. (सोयाबीनच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी बोटाने सुटतात. या सुटत नाहीत, कारण मूळच फुगलेलं असतं.)

झेंडूचा त्यांच्यावर परिणाम होतो, हे खरंच आहे. 1947 साली झेंडूच्या फुलांतून अतिनील प्रकाशात निळं चमकणारं एक द्रव्य वेगळं केलं गेलं, अल्फा-टर्थिएनिल. 1958 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना मुळांतही तेच सापडलं, आणि ते सूत्रकृमींना मारतं हेही दिसलं.

मारतं कसं, हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा भाग. या रेणूत गंधकाचा एकेक अणू असलेली तीन कडी ओळीने जोडलेली असतात. अतिनील प्रकाश पडला की रेणू ऊर्जा शोषतो आणि शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतो. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनमध्ये दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात आणि दोघांचं परिवलन (स्पिन) एकाच दिशेचं. इतर बहुतेक रेणूंचे इलेक्ट्रॉन जोडीने, उलट परिवलनाचे असल्यामुळे त्यांच्याशी ऑक्सिजनचं लगेच जमत नाही. मिळालेल्या ऊर्जेने एकाचं परिवलन उलटतं, ही अडचण दूर होते आणि सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो. तो पेशीच्या आवरणातल्या मेदावर आणि प्रथिनांवर तुटून पडतो.

पण जमिनीत प्रकाश कुठला? इथे संशोधक बराच काळ अडले. एक स्पष्टीकरण असं, की जिवंत मुळातलं पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) प्रकाशाची कामगिरी बजावतं. 2019 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की हे द्रव्य कृमीच्या त्वचेतून आत शिरतं आणि पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतं. पिल्लं त्याला बळी पडतात, अंडी बरीच चिवट.

म्हणूनच हार पुरून भागत नाही. जिवंत मुळांचं दाट जाळं लागतं, तेही दोन-तीन महिने. बांधावर चार रोपं लावून शेताला ‘संरक्षक कवच’ मिळत नाही आणि झेंडूच्या वासाने कृमी पळतात ही तर निव्वळ थाप. शिवाय झेंडूच्या काही जातींवर काही सूत्रकृमी मजेत वाढतात. ‘केमिकल-फ्री उपाय’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की अल्फा-टर्थिएनिल हे रसायनच आहे आणि डासांच्या अळ्यांनाही ते मारतं.

संत्र्याचं गणित वेगळं. भाजीच्या वाफ्यात एक हंगाम झेंडू घेऊन पुढे टोमॅटो लावता येतो, बगीच्यात झाड वर्षानुवर्षं तिथेच उभं. लिंबूवर्गीय सूत्रकृमी त्याच्या बारीक तंतुमुळांना चिकटून राहतो, झाड हळूहळू खंगतं, आणि संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात तो नेहमीचा जंबेरी खुंटही या कृमीला बळी पडतो. हा कृमी बहुधा रोपवाटिकेतल्या मातीसोबतच बगीच्यात येतो. तेव्हा कलमं घेण्याआधी त्यांच्या पिशवीतली माती आणि मुळं तपासून घ्यावीत.