'लूज कॉन्टॅक्ट' म्हणजे नेमकं काय?

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा पुण्याहून साताऱ्याला आला तो वैतागूनच. "मामा, डाव्या दारातला स्पीकर मधेच मुका होतो. खंबाटकी चढेपर्यंत नीट गात असतो, घाट उतरला की गायब. दारावर थाप मारली तर कधी येतो, कधी नाही. पण आवाज मोठा केला की हमखास येतो."

गाडी तो आधी एका दुकानात दाखवून आला होता. तिथल्या पोराने दोन मिनिटं बटणं दाबली आणि सांगितलं, "लूज कॉन्टॅक्ट असंल बघा. नायतर स्पीकरच गेलाय. डेकसकट सगळं बदलून टाका, अँड्रॉइडवाला बसवू." लूज कॉन्टॅक्ट! घरातला मिक्सर असो, गणपतीतली दिव्यांची माळ असो की मोबाइलचा चार्जर, आपल्याकडे विजेच्या प्रत्येक दुखण्याचं हेच एक निदान. गंमत म्हणजे ते बऱ्याचदा बरोबरही असतं. फक्त ते सांगणाऱ्याला विचारावं, लूज म्हणजे किती लूज? तिथे नेमकं काय होतं? मग तो स्क्रू आवळायला लागतो.

माझे कान टवकारले ते भाच्याच्या शेवटच्या वाक्याने. वायर तुटली असेल तर आवाज मोठा करून काय उपयोग? पूल पडला असेल तर गाडी जोरात हाणली म्हणून पलीकडे पोचत नाही. इथे मात्र पोचत होती. म्हणजे पूल पडलेला नव्हता, त्यावर कुणीतरी फाटक लावलं होतं, आणि ते जोरात ढकललं तरच उघडत होतं.

आधी शाळेतली थोडी उजळणी. स्पीकर म्हणजे चुंबकाच्या खाचेत तरंगतं ठेवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला शंकू. गाण्याचा प्रवाह उलटसुलट वाहतो, वेटोळं पुढेमागे हलतं, शंकू हवा ढकलतो. घरातले स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात, गाडीतले बहुधा ४ ओहमचे, कारण गाडीत व्होल्ट थोडे मिळतात आणि त्यातून वॅट काढायचे तर रोध कमी ठेवावा लागतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. एवढ्यावर, आवाज न फाटता, ४ ओहमच्या स्पीकरला हिशेबाने फार तर २६ वॅट देता येतात आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. तरी डेकच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असं ठळक छापलेलं असतंच. ज्याने छापलं त्याला ओहमचा नियम माहीत नसेल असं नाही.

हे ४ ओहम लक्षात ठेवा. वाटेत कुठे आणखी ४ ओहमचा अडथळा आला, तर प्रवाह निम्मा होतो आणि स्पीकरला मिळणारी शक्ती पावपट. अडथळा ४०० ओहमचा झाला तर स्पीकर मेल्यातच जमा.

आता हा अडथळा येतो कुठून? जोडांमधून. डेकपासून दारातल्या स्पीकरपर्यंत वायर सलग नसते. डेकच्या मागे एक कनेक्टर, कधी दाराच्या बिजागरीजवळ दुसरा, स्पीकरपाशी तिसरा. प्रत्येकात धातूची एक पट्टी दुसरीवर दाबून बसवलेली. डोळ्यांना वाटतं की दोन्ही पट्ट्या पूर्ण टेकल्या आहेत. पण दोन भाजलेले पापड एकावर एक ठेवून पाहा. ते फक्त फोडांच्या टोकांवर टेकतात, बाकी सगळीकडे मधे हवा. गुळगुळीत दिसणारा धातू सूक्ष्मदर्शकाखाली तसाच पापडासारखा असतो. बर्लिनमध्ये काम केलेला स्वीडिश शास्त्रज्ञ राग्नार होल्म याने आयुष्याचा मोठा भाग या टेकणाऱ्या टोकांवर घालवला. सगळा प्रवाह या मोजक्या ठिपक्यांतून चोंदून जातो. बाजार सुटल्यावर अख्खी गर्दी एकाच बोळातून बाहेर पडावी तसा.

होल्मचं सूत्र फार सुटसुटीत आहे. एका गोल ठिपक्याचा रोध म्हणजे धातूची रोधकता (तो धातू मुळात विजेला किती अडवतो ते) भागिले ठिपक्याचा व्यास. कनेक्टरवर बहुधा कथिलाचा मुलामा असतो. कथिलाची रोधकता सुमारे ०.००००००११ ओहम-मीटर. ठिपका २० मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाच्या जाडीहून बराच कमी, असं धरलं तर रोध येतो अवघा साडेपाच मिलिओहम. ४ ओहमपुढे तो हिशेबातही धरायला नको. म्हणजे धातू धातूला खरोखर टेकत असेल, तर एक बारकासा ठिपकाही गाणं वाजवायला पुरतो. पट्टी 'ढिली' आहे एवढ्याने आवाज जात नाही. मग जातो कशाने?

पापुद्र्याने. कथिल हवेत आलं की त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, काही नॅनोमीटर जाडीचा. तो वीज जवळजवळ जाऊ देत नाही. कनेक्टर पहिल्यांदा दाबून बसवताना हा ठिसूळ थर फुटतो आणि खालचं मऊ कथिल एकमेकांत रुततं. जोड पक्का. पण गाडी हादरते आणि तापते. पितळ तापलं की थोडं फुगतं, प्लास्टिक त्याच्या तीन-चारपट फुगतं. २० मिलिमीटर लांबीच्या कनेक्टरमध्ये ३० अंशांचा फरक पडला की दोघांत तीसेक मायक्रॉनचं अंतर पडतं. उन्हात उभी गाडी, मग एसी, मग पुन्हा ऊन. ठिपका दर वेळी थोडा सरकतो. सरकला की मागचं कोरं कथिल उघडं पडतं, त्यावर थर येतो, परतताना तो खरवडला जातो, त्याची भुकटी तिथेच साठते. हजारो वेळा असं झालं की दोन पट्ट्यांच्या मधे ऑक्साइडच्या काळपट पुडीची गादी तयार होते. या झिजेला इंग्रजीत 'फ्रेटिंग' म्हणतात. स्क्रू घट्टच असतो, पट्टी घट्टच असते, आणि तरी 'लूज कॉन्टॅक्ट' असतो!

आता आवाज मोठा करण्याची जादू. हळू आवाजात स्पीकरला जाणारा विजेचा दाब व्होल्टच्या काही दशांशांइतका असतो. ४ ओहमवर ०.०१ वॅट म्हणजे ०.२ व्होल्ट. तेवढ्याने पापुद्रा ढिम्म हलत नाही. १० वॅटला मात्र दाब सहा व्होल्टच्या वर जातो. आणि जोड बंद असल्याने जवळजवळ प्रवाहच नसतो, म्हणून तो सगळा दाब त्या एका पापुद्र्यावर पडतो. १० नॅनोमीटरवर नुसता १ व्होल्ट म्हणजे मीटरला दहा कोटी व्होल्ट. हवेतून ठिणगी पडायला मीटरला तीस लाख पुरतात! पापुद्रा फुटतो, त्या भोकातून धातूचा बारीक पूल तयार होतो आणि स्पीकर बोलायला लागतो.

इथे होल्मची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्याला नको त्याने हा परिच्छेद सोडून पुढे जावं. ठिपका किती तापेल हे त्याच्या आकारावर ठरत नाही, फक्त त्याच्यावरच्या व्होल्टवर ठरतं. कारण धातूत वीज वाहणारे इलेक्ट्रॉनच उष्णताही वाहून नेतात. ठिपका लहान झाला तर तेवढ्याच व्होल्टला त्यात उष्णता कमी तयार होते, पण ती निघून जायची वाटही त्याच प्रमाणात अरुंद होते आणि हिशेबातून आकार गळून पडतो. कथिलासाठी हा आकडा येतो सुमारे ०.१३ व्होल्ट. ठिपक्यावर एवढा दाब पडला की कथिल तिथे वितळतं. म्हणजे तुमच्या दारात, मोठ्या आवाजाच्या ठेक्यावर, मायक्रॉनहून लहान झाळकाम चाललेलं असतं. फक्त ते इतकं नाजूक की पुढच्या खड्ड्याला तुटतं.

ही करामत नवी नाही. १८९० मध्ये फ्रान्सच्या एदुआर ब्रान्लीला दिसलं की काचेच्या नळीतला धातूचा कीस एरवी वीज जाऊ देत नाही, पण जवळपास ठिणगी पडली की एकदम वाहक होतो. सुरुवातीचे बिनतारी संदेश याच नळीने पकडले. अडचण एकच. कीस एकदा जुळला की जुळलेलाच राहायचा, त्यामुळे प्रत्येक खुणेनंतर नळीवर टकटक करणारी छोटी हातोडी बसवावी लागे. ही टकटक टाळणारा, लोखंड आणि पारा वापरून आपोआप पूर्वस्थितीला येणारा, संदेश पकडणारा जोड ('डिटेक्टर') जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. भाच्याला म्हटलं, तुझं दार म्हणजे ब्रान्लीची नळी, आणि तू मारतोस ती थाप म्हणजे ती हातोडी. थापेने कधी पूल तुटतो, कधी पट्टी सरकून नवीन जागी धातू धातूला टेकतो. म्हणून 'कधी येतो, कधी नाही'.

शेजारच्या काकांचं निदान निराळं होतं. घाटातच बंद पडतो ना, मग काहीतरी लागलं असणार, नारळ ओवाळून टाका. गाडीला पुढे लिंबू-मिरची होतीच. दोष दाराच्या आत आणि राखणदार बंपरला. लिंबाच्या रसाने धातू गंजतो, विजेच्या जोडाशी लिंबाचा संबंध काय तो एवढाच. घाट का, तर माझा तर्क असा: तोवर दीड तास एसी चालून दाराची आतली बाजू थंड झालेली असते, बाहेरचा पत्रा तापलेला असतो, आणि वळणांवर दार पिळवटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी यवतेश्वरच्या घाटाला घातली. कासच्या वाटेवर खड्ड्यांची कमतरता नसते. पहिला नियम, रेडिओ लावायचा नाही, पेनड्राइव्हवरचं गाणं लावायचं. पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यात एफएम खरखरतं ते डोंगरामुळे, त्याचा वायरिंगशी संबंध नाही. दुसरा नियम, एकच स्पीकर जातो की सगळे ते पाहायचं. सगळे एकदम गेले तर डेकचा पुरवठा, अर्थिंग किंवा डेकमधल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपने स्वतःला वाचवायला घेतलेली माघार. आमचा एकच जात होता. घरी येऊन डेक बाहेर ओढला आणि पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी मागे अदलाबदल केल्या (बाहेरून बसवलेल्या डेकला बहुधा पांढरी डावीची, करडी उजवीची, काळी रेघ असलेली उणे). पुन्हा फेरी. दोष उजवीकडे गेला असता तर डेक गुन्हेगार. तो डावीकडेच राहिला. डेक सुटला, आणि अँड्रॉइडवाल्याचा खर्चही.

मग दार उघडलं. दार आणि गाडी यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी दिवसातून वीस वेळा वाकतात, म्हणजे वर्षाला सात हजार वेळा. तांब्याच्या तारा आतल्या आत तुटतात आणि वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं. तिथे ओढून, पिळून पाहिलं, ठीक होतं. स्पीकरच्या वायरी काढून पेन्सिल सेल क्षणभर टेकवला, 'टक' आवाज आला, वेटोळं ठीक. वेटोळ्याकडे जाणारी ती लवचिक दोरीही पाहिली. ती नुसती तार नसते. सुती किंवा तसल्याच धाग्यावर तांब्याची बारीक पट्टी गुंडाळलेली असते, थेट पैठणीच्या जरीसारखी, कारण ढोलाच्या ठेक्यावर तिला सेकंदाला पन्नास-साठ वेळा वाकायचं असतं. जरही शाबूत.

राहिला स्पीकरपाशी असलेला कनेक्टर. मल्टिमीटर लावला तर तो 'पीप' वाजला. इथे बरेच जण फसतात. तीसेक ओहमपर्यंत रोध असला तरी बरेच मीटर पीप वाजवतात, आणि आपल्याला तर ४ ओहमसुद्धा महाग. पीप बंद करून आकडा वाचला. ०.६. कनेक्टर बोटाने हलवला, ११. पुन्हा हलवला, आकडाच नाही. सोडवून भिंगाखाली धरला तर पट्टीवर, नेमक्या टेकण्याच्या जागी, सुईने टोचल्यासारखा काळा ठिपका.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, कनेक्टर आठ-दहा वेळा घातला-काढला म्हणजे पूड खरवडून निघते, पट्टी सुईने थोडी आत दाबली, आणि वायर दाराला प्लास्टिकच्या पट्ट्याने बांधली, म्हणजे हादऱ्याने कनेक्टर ओढला जाणार नाही. सोन्याचा मुलामा असलेला कनेक्टर घालू का, असं भाच्याने विचारलं. सोनं गंजत नाही हे खरं, पण समोरची पट्टी कथिलाची असेल तर ही जोडी कथिल-कथिलापेक्षाही वाईट ठरू शकते. काळी चिकटपट्टी गुंडाळून वायरी पिळण्याला तर मी सक्त मनाई केली. उन्हात तिचा डिंक पाघळतो. आणि स्पीकरची उणे वायर 'अर्थ' समजून पत्र्याला लावायची नाही. त्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मे व्होल्ट असतात, पत्र्याला टेकली की चिप सगळेच स्पीकर बंद करते.

जूनमध्ये त्याचा फोन आला. "मामा, डावा झकास गातोय. पण आता मागचा उजवा खरखरायला लागलाय. लूज कॉन्टॅक्ट असेल ना?"

"आवाज मोठा केला की काय होतं?"

"जास्तच खरखरतो."

"मग वेटोळं घासतंय," मी म्हटलं. "तो स्पीकर बदल."