तापमानवाढ मान्य, हिशेब अमान्य: हवामानबदलाच्या वादातील अर्थशास्त्रज्ञ

हवामानबदलाविषयी शंका घेणारे सगळे एकाच पठडीतले नसतात, हे ध्यानात घेतल्याशिवाय या वादातील अर्थशास्त्रज्ञांची भूमिका उलगडत नाही. पृथ्वी तापते आहे का, आणि ती माणसाच्या उद्योगांमुळे तापते का, हे प्रश्न त्यांच्या अखत्यारीतले नाहीत आणि बहुतेकांनी ते भौतिकशास्त्रज्ञांवर सोडून दिले आहेत. त्यांची शंका पुढच्या पायरीवरची असते. नुकसान किती होणार, ते टाळायला खर्च किती येणार आणि तो आज करायचा की पुढच्या पिढीवर ढकलायचा, एवढ्यापुरतीच ती असते. मात्र वृत्तवाहिन्यांवरील चर्चांत आणि संसदेतील भाषणांत ही दुसरी शंका पहिलीच्या मदतीला धावून जाते, पुष्कळदा तिला मुद्दाम धाडले जाते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास बराचसा या सरमिसळीचाच आहे.

फार मागे जाण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या माथी मारलेल्या नुकसानीवर कर बसवावा, हा विचार केंब्रिजच्या एका अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच मांडला होता. १९७० च्या दशकाच्या मध्यास येल विद्यापीठातील एका अर्थशास्त्रज्ञाने कार्बन डायऑक्साइड आवरता येईल का, याचा पहिला आर्थिक हिशेब केला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी हवामान आणि अर्थव्यवस्था एकाच गणितात बसवणारे प्रारूप तयार केले. सुरुवात हळू करावी आणि कार्बनवरील कर पुढे वाढवत न्यावा, असे त्या प्रारूपाचे उत्तर होते.

मुंबईत या वादाला वेगळे वळण मिळाले. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संशोधन संस्थेतील एका अर्थतज्ज्ञ महिलेने १९९२ मध्ये एका अग्रगण्य ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकात लेख लिहून, संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने सुचवलेले मार्ग दक्षिणेकडील देशांवर अन्याय करणारे असल्याचे सांगितले. यात विज्ञानावर शंका नव्हती. आक्षेप वाटणीवर होता. तीन वर्षांनी तोच मुद्दा अधिक विखारी रूपात पुढे आला. समितीच्या दुसऱ्या अहवालातील एका प्रकरणाच्या मसुद्यात नुकसानीची बेरीज करताना श्रीमंत देशातील मृत्यूचे मोल १५ लाख डॉलर आणि गरीब देशातील मृत्यूचे दीड लाख डॉलर धरले होते. जोखीम टाळण्यासाठी माणूस किती पैसे मोजायला तयार आहे यावरून हे मोल काढतात आणि ती तयारी त्याच्या मिळकतीवर ठरते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. भारताच्या तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी बर्लिनच्या हवामान परिषदेच्या निमित्ताने इतर देशांना पत्र लिहून निषेध नोंदवला. अखेरीस धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशाने त्या आकड्यांपासून अंतर राखले, मूळ प्रकरणाच्या लेखकांनी मात्र आपले गणित सोडले नाही. अर्थशास्त्रातील साधनांकडे आपल्याकडे पुढे ज्या संशयाने पाहिले गेले, त्याची मुळे या प्रसंगात आहेत, असे माझे मत आहे.

नव्या शतकाच्या आरंभी खऱ्या अर्थाने संशयवादी म्हणता येतील असे दोन जाणकार पुढे आले. एक ऑस्ट्रेलियाचे माजी सांख्यिकी प्रमुख होते, तर दुसरे श्रीमंत राष्ट्रांच्या पॅरिसस्थित संघटनेचे माजी मुख्य अर्थतज्ज्ञ. आंतरसरकारी समितीच्या उत्सर्जनविषयक अंदाजांत देशांच्या उत्पन्नाची तुलना क्रयशक्तीने, म्हणजे त्या पैशात त्या देशात प्रत्यक्ष किती वस्तू मिळतात त्यावरून, न करता बाजारातील विनिमय दराने केली आहे, त्यामुळे गरीब आणि श्रीमंत यांच्यातील दरी मोठी दिसते, ती भरून निघण्यासाठी भारतासारख्या देशांची भावी वाढ फुगवावी लागते आणि त्यातून उत्सर्जनही फुगते, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप पोरकट नव्हता. त्यातून निघणाऱ्या तापमानात फारसा फरक पडत नाही असे प्रत्युत्तर आले, पण तोवर ‘आकडेच खोटे आहेत’ हे वाक्य वर्तमानपत्रांत पोहोचले होते. २००४ मध्ये कोपनहेगनला आठ नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी जगापुढील प्रश्नांची क्रमवारी लावली, तेव्हा एड्सचा प्रतिबंध सर्वांत वर आणि हवामानाविषयीचे प्रस्ताव सर्वांत खाली आले. त्याही निकालाचा असाच उपयोग झाला.

जुलै २००५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील अर्थविषयक समितीने या शंका उचलून धरणारा अहवाल दिला आणि त्याच महिन्यात ब्रिटिश अर्थखात्याने आपल्या एका वरिष्ठ अर्थतज्ज्ञाकडे स्वतंत्र अभ्यास सोपवला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

तो ब्रिटिश अभ्यास ऑक्टोबर २००६ मध्ये सुमारे सातशे पानांत प्रसिद्ध झाला. काहीच न केल्यास जगाच्या उत्पन्नात कायमची किमान ५ टक्के आणि व्यापक हिशेबाने २० टक्क्यांपर्यंत घट होईल, तर उपाययोजनांचा खर्च साधारण १ टक्का येईल, हे त्याचे निष्कर्ष मथळ्यांत झळकले. अर्थशास्त्रज्ञांचे भांडण मात्र मथळ्यावरून झाले नाही. ते वटावाच्या दरावरून झाले आणि अजून मिटलेले नाही.

मुंबईच्या बाजारात मुदतीची हुंडी आधी वटवताना व्यापारी जशी दर्शनी किमतीतून कसर कापून घेतो, तशीच भविष्यातील नुकसानीची किंमत आज मांडताना अर्थशास्त्रज्ञ कापून घेतो. दर वाढला की कसर वाढते आणि शंभर वर्षांच्या मुदतीवर ती अक्राळविक्राळ होते. शंभर वर्षांनी होणारे एक कोटी रुपयांचे नुकसान १.४ टक्के दराने आज सुमारे २५ लाखांचे ठरते आणि ५ टक्के दराने ७६ हजारांचे. आशियातील एका बहुपक्षीय विकास बँकेने २०१७ पर्यंत प्रकल्पांसाठी जो १२ टक्के दर वापरला, तो लावला तर तेच नुकसान जेमतेम १२० रुपयांवर येते आणि तेवढ्या पैशात दादरला धड थाळीही मिळत नाही. म्हणजे समुद्र किती चढेल, याविषयी शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत असले, तरी अर्थशास्त्रज्ञाच्या एका आकड्याने निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

ब्रिटिश अहवालाने १.४ टक्के दर धरला होता. त्यातील १.३ टक्के भाग, पुढची पिढी आपल्यापेक्षा श्रीमंत असेल आणि तिच्यासाठी एका रुपयाचे मोल कमी असेल, या गृहीतकातून आला होता. उरलेला ०.१ टक्का मानवजातच नष्ट होण्याच्या शक्यतेसाठी ठेवला होता. एखादा माणूस उशिरा जन्माला येतो एवढ्याच कारणाने त्याच्या सुखाचे मोल कमी धरणे अनैतिक आहे, ही १९२८ पासून चालत आलेली केंब्रिजची भूमिका त्यामागे होती. गंमत अशी की तो क्षुल्लक वाटणारा ०.१ टक्का खरा मानला, तर शंभर वर्षांत मानवजात संपण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या जवळ जाते, आणि याकडे टीकाकारांनीही फारसे लक्ष दिले नाही.

येलच्या अर्थशास्त्रज्ञाने या दरावर कडाडून हल्ला चढवला. लोक बाजारात प्रत्यक्ष ज्या परताव्याची अपेक्षा ठेवतात तोच दर धरावा, नाहीतर सरकारी अर्थतज्ज्ञ स्वतःची नीतिमत्ता जगावर लादतात, असे त्याचे म्हणणे होते. या कमी दरामुळे एकूण नुकसानीतील अर्ध्याहून अधिक वाटा इसवी सन २८०० नंतरचा असतो, हेही त्याने दाखवून दिले. केंब्रिजमधील भारतीय वंशाच्या एका अर्थशास्त्रज्ञाचा आक्षेप याच्या अगदी विरुद्ध बाजूने होता आणि आपल्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. अहवालाने श्रीमंत आणि गरीब यांच्यातील तफावतीला फारच कमी वजन दिले आहे, असे त्याचे म्हणणे होते. पुढचे लोक खरोखर अधिक सधन होणार असतील, तर आज धारावीत राहणाऱ्याने २१५० सालच्या सधन माणसासाठी पदरमोड का करावी, या प्रश्नाला त्या अहवालात समाधानकारक उत्तर नाही. हार्वर्डच्या एका तिसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने अहवालाचे उत्तर बरोबर असले तरी कारणे चुकीची आहेत, असा निवाडा दिला. अत्यंत दुर्मीळ पण सर्वनाशी शक्यतेचा विमा उतरवणे हाच खरा मुद्दा असून सरासरीचे गणित तो झाकून टाकते, असे त्याचे मत होते. बाहेर मात्र यातले जवळजवळ काहीच पोहोचले नाही. ‘अर्थशास्त्रज्ञांनी अहवाल फेटाळला’ एवढीच बातमी झाली. नंतर सुमारे दोनशे तज्ज्ञांची मते घेतली गेली तेव्हा दीर्घ मुदतीसाठी सुचवलेल्या दरांचा मध्यक २ टक्के निघाला, म्हणजे ब्रिटिश अहवालाच्या बराच जवळ. ती बातमी मात्र फारशी गाजली नाही.

खर्च आज करायचा की पुढे ढकलायचा, या वादाला मुंबईचे उदाहरणही आहे. पर्जन्य जलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरवरून ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची योजना १९९३ मध्ये तयार होती आणि तेव्हा तिचा अंदाज ६१६ कोटी रुपयांचा होता. ती रेंगाळली. २००५ च्या जलप्रलयानंतर ती १,२०० कोटींवर नेऊन पुन्हा हाती घेण्यात आली. थांबल्याने खर्च वाचतो असे मानणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आपल्याच आकड्याचा दुरुपयोग होताना पाहून अर्थशास्त्रज्ञाला मैदानात उतरावे लागल्याचा प्रसंग २०१२ मधला आहे. त्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका आर्थिक दैनिकात सोळा शास्त्रज्ञांनी तापमानवाढीने घाबरून जाऊ नये असा लेख लिहिला आणि पन्नास वर्षे काहीही निर्बंध न घालण्याचे धोरण लाभ-खर्चाच्या गुणोत्तरात जवळजवळ सर्वांत किफायतशीर ठरते, याला आधार म्हणून येलच्याच त्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव दिले. त्याने दोन महिन्यांत सविस्तर उत्तर दिले. लाभ आणि खर्च यांचे गुणोत्तर पाहायचे नसते, त्यांतील फरक पाहायचा असतो, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. एक रुपया घालून दहा मिळाले तर गुणोत्तर दहा येते, पण हाती नऊच रुपये उरतात. दहा कोटी घालून वीस कोटी मिळाले तर गुणोत्तर दोनच येते, पण दहा कोटी उरतात. त्याच्या हिशेबाने पन्नास वर्षांच्या विलंबाची किंमत काही लाख कोटी डॉलर होती. ब्रिटिश अहवालाचा सर्वांत कडवा टीकाकार आणि संशयवाद्यांना सर्वांत परखड उत्तर देणारा माणूस एकच होता, ही गोष्ट वाहिन्यांच्या चर्चेत सहसा बसत नाही.

याच काळात नेदरलँड्सच्या एका अर्थशास्त्रज्ञाचा २००९ चा लेख फार उद्धृत होत होता. तापमान थोडे वाढले तर जगाचा एकंदर फायदाच होतो, असे त्यातील आलेख दाखवत असे. इतर अभ्यासांतून आकडे उतरवून घेताना दोन ठिकाणी उणे चिन्ह गळाले होते, असे पुढे निष्पन्न झाले आणि २०१४ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी या लेखकाने आंतरसरकारी समितीच्या सारांशातून, तो अतिभयसूचक असल्याचे सांगून, आपले नाव काढून घेतले. दुरुस्तीपेक्षा ही माघार अधिक गाजली.

पैशांचा भागही वगळता येत नाही. उद्योगांच्या संघटनांनी सल्लागार कंपन्यांतील अर्थशास्त्रज्ञांकडून हवामान करारांच्या खर्चाचे अंदाज करून घेतले आणि त्यांपैकी कित्येकांत टळलेल्या नुकसानीचा रकाना ठेवलाच नव्हता. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी पॅरिस करारातून बाहेर पडण्याची घोषणा करताना २०२५ पर्यंत २७ लाख नोकऱ्या जातील, हा आकडा अशाच एका अहवालातून घेतला होता. दुसरीकडे, २०१९ मध्ये साडेतीन हजारांहून अधिक अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी कार्बनवर कर बसवण्याच्या जाहीर निवेदनावर सह्या केल्या. संख्या पाहिली तर या विद्याशाखेचा कल कुठे आहे याविषयी वाद उरत नाही.

८ ऑक्टोबर २०१८ रोजी येलच्या अर्थशास्त्रज्ञाला नोबेल पुरस्कार जाहीर झाला आणि त्याच दिवशी आंतरसरकारी समितीने तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. पुरस्कारप्राप्त प्रारूपातील ‘सर्वोत्तम’ मार्ग शतकाअखेर सुमारे साडेतीन अंशांवर पोहोचत होता.

अमेरिकेत सारा वाद एका आकड्यात मावतो, तो म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या नुकसानीची सरकारने धरलेली किंमत. पहिल्या ट्रम्प राजवटीत ७ टक्क्यांपर्यंतचा दर लावून आणि देशाबाहेरचे नुकसान वगळून ती १ ते ७ डॉलरवर आणली गेली, २०२१ मध्ये ३ टक्के दराने ती ५१ डॉलर झाली, २०२३ मध्ये २ टक्के दराने १९० डॉलर. जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने हा हिशेब करणारा कार्यगट बरखास्त केला आणि किंमत धरणेच थांबवण्याचा विचार करण्यास सांगितले. जानेवारी २०२६ पासून युरोपने मात्र आयात पोलाद, ॲल्युमिनियम आणि सिमेंटवरील कार्बन आकारणीचा पक्का टप्पा सुरू केला आहे, आणि ज्यांची मुख्यालये मुंबईत आहेत अशा पोलाद कंपन्यांना प्रत्येक टनामागचे उत्सर्जन कागदावर दाखवावे लागत आहे. ही आकारणी विकसनशील देशांवर अन्याय करते, असा आक्षेप भारताने घेतला आहे.