हवा गिळणारा मासा आणि फिरलेली हवा

पाणी शांत असलं की टार्पन आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतो. माणसाएवढा लांब, रुपेरी अंगाचा हा मासा वर येतो, झोपेत कूस बदलावी तसा पाण्यावर लोळतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. फ्लोरिडात गळाने मासे धरणारे लोक होडीत उभे राहून तासन्‌तास या लोळण्यावर नजर ठेवतात. वारा सुटला, पाणी खवळलं की त्याच लाटांत ते लोळणं हरवून जातं. मग ‘आज हवा बरी नव्हती’ म्हणत होडी परत फिरते. मासे बहुधा तिथेच असतात, फक्त दिसत नाहीत.

मराठीत श्वासाची हवा आणि आभाळातली हवा यांना शब्द एकच. टार्पनचा विषय निघाला की ही सोय फार उपयोगी पडते.

टार्पनला कल्ले आहेतच. पण त्याचा वाताशय, म्हणजे माशाला तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी, रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो आणि फुप्फुसाचं काम करतो. या जोडव्यवस्थेचा खरा फायदा पिल्लांना होतो. ती खारफुटीतल्या साचलेल्या, कुबट, प्राणवायू जेमतेम उरलेल्या पाण्यात वाढतात. त्यांना खाऊ पाहणाऱ्या बऱ्याच माशांचा तिथे जीव गुदमरतो. या वंशात जाती दोनच. अटलांटिकमधली ही थोरली. धाकटी हिंद-प्रशांत महासागरात असते, आपल्याकडच्या खाड्यांतही शिरते आणि अशीच हवा गिळते. तिच्यासाठी मात्र कोणी विमानाचं तिकीट काढून येत नाही. थोरलीचा गळावरचा विक्रम २००३ सालचा, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमधला, जवळपास १३० किलोंचा.

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोका ग्रँड हे खाडीमुख टार्पनसाठी प्रसिद्ध आहे. मे-जूनमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथली ओहोटी अशी जोरात वाहते की आतल्या उथळ पाण्यातले खेकडे तरंगत बाहेर ओढले जातात, आणि टार्पनची पंगत बसते. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि वारा समुद्रावरून आत येणारा, अशी गाठ पडली की मात्र होडीवाल्याची परीक्षा असते. प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या लाटा आखडतात, त्यांच्यातलं अंतर कमी होतं, उंची वाढते. वाऱ्याचा जोर तोच, पण ओहोटीच्या तोंडावर लाट भिंतीसारखी उभी राहते. कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या तोंडाशी होडी घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता वायुदाबमापकाकडे वळू. ‘दाब उतरला की वाताशय फुगतो, पोट बिघडतं आणि मासा गळाला तोंड लावत नाही’ हे मासेमारीतलं जुनं मत. ‘वादळाआधी तो अधाशासारखा खातो’ असं तितक्याच खात्रीने सांगणारेही भेटतात. थोडा हिशोब करून पाहू. हवेचा दाब १ मिलिबारने बदलणं म्हणजे माशाच्या डोक्यावरचं पाणी १ सेंटीमीटरने कमी-जास्त होणं. वादळी हवेत दाब १० मिलिबारने उतरला, तरी तो फरक वीतभर पाण्याहूनही कमी, १० सेंटीमीटरचा. अर्ध्या मीटरची लाट डोक्यावरून गेली तरी पृष्ठभागाजवळच्या माशाला याहून मोठा चढउतार सोसावा लागतो. आणि टार्पन तर श्वासासाठी ५ मीटरवरून वर येतो तेव्हा सुमारे ५०० मिलिबारचा फरक सहज पचवतो. दाबामुळे त्याचं पोट बिघडतं हे स्पष्टीकरण मला तरी पटत नाही.

पण विषय इथे मिटत नाही. २००१च्या सप्टेंबरमध्ये गॅब्रिएल हे उष्णकटिबंधीय वादळ फ्लोरिडावर आलं, तेव्हा टेरा सिया उपसागरातल्या काळ्या टोकांच्या पंखांच्या शार्क पिल्लांना संशोधकांनी ध्वनी-प्रेषक लावलेले होते. वादळ पोचण्याआधीच ती पिल्लं उथळ पाणी सोडून खोल पाण्याकडे निघून गेली आणि वादळ सरल्यावर परतली. त्यांचं निघणं दाबाच्या घसरणीशी जुळत होतं. शार्कला तर वाताशयच नसतो! लाटांच्या क्षणाक्षणाच्या हेलकाव्यांखालची तासन्‌तास चाललेली संथ घसरण त्यांनी ओळखली असावी. म्हणजे माशाला दाब कळू शकतो; त्यावरून तो गळ टाळतो, हे मात्र सिद्ध होत नाही.

टार्पनवर नक्की परिणाम होतो तो थंडीचा. उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की उथळ पाणी झपाट्याने गार होतं आणि हा उबेचा मासा खोल पाण्याकडे सरकतो. पाणी १० अंशांच्या आसपास उतरलं तर जिवावर बेततं. जानेवारी २०१०च्या कडाक्यात फ्लोरिडात असंख्य मासे मेले, त्यांत टार्पनही होते.

उन्हाळ्यात धोका माशाला नसतो, माणसाला असतो. फ्लोरिडा हे दोन्ही बाजूंना समुद्र असलेलं द्वीपकल्प. दुपारी दोन्ही किनाऱ्यांवरून खारे वारे आत शिरतात, एकमेकांना भिडतात आणि आपल्या वळवासारखे ढग चढतात. सपाट पाण्यावर बिनछपराची होडी, तीत उभा माणूस, त्याच्या हातात गळाची, वीज वाहून नेणारी ग्रॅफाइटची काठी. अमेरिकेत फुरसतीच्या उद्योगांत वीज पडून जे मरतात, त्यांत २००६ पासूनच्या नोंदींनुसार मासे धरणारे सर्वांत पुढे आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३ सेकंद म्हणजे १ किलोमीटर हा हिशोब सोपा आहे, पण तो करत बसण्यात अर्थ नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोचेल इतक्या अंतरावर आपण आहोतच. हवेतल्या विजेने काठी गुणगुणायला लागली तर फारच उशीर झालाय.

पंचाईत अशी की नेमका तेव्हाच मासा गळाला लागलेला असू शकतो. टार्पन उसळी मारतो तेव्हा काठी पुढे वाकवून दोरी सैल सोडतात. नाहीतर पाण्याचा आधार सुटलेल्या त्या वजनाच्या एका झटक्याने दोरी तुटते किंवा त्याच्या हाडासारख्या कडक तोंडातून गळ निसटतो. ही झुंज तास-तासभर चालते, आणि दमलेल्या टार्पनची वाट पाहत बोका ग्रँडमध्ये बुल शार्क आणि हातोडीतोंडे शार्क फिरत असतात. फ्लोरिडात ४० इंचांहून लांब टार्पन पाण्याबाहेर काढायलाही बंदी आहे, विक्रमासाठीचा खास परवाना असेल तरच सूट. शिकागोच्या शेड मत्स्यालयातला एक टार्पन १९३५ पासून १९९८ पर्यंत जगला. होडीतल्या माणसापेक्षा गळाला लागलेला मासा वयाने मोठा असणं अशक्य नाही.

ढग गडगडला की जाणता नावाडी सुरी काढून दोरी कापतो, काठी आडवी ठेवतो आणि होडीची नाळ किनाऱ्याकडे वळवतो. मागे कुठेतरी तो मासा वर येतो, लोळतो, हवेचा एक घोट घेतो.