‘ऑफसाइट’ म्हणजे नेमकं किती लांब?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांमध्ये जुना बॅकअप, म्हणजे डेटाची जादा प्रत, टेपवरून क्लाउडच्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या साठवणीत हलवायचा विषय निघाला की पैशांच्या आधी एका शब्दावर गाडी अडते: ऑफसाइट. एक प्रत बाहेर हवी, हे सगळ्यांना मान्य आहे. तीन प्रती, दोन माध्यमं, एक प्रत बाहेर, हा नियम तोंडपाठही असतो. बाहेर म्हणजे किती बाहेर, हे त्या नियमात नाही.

संगणकाला चुंबकीय टेप १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच जोडली गेली होती. आपल्याकडच्या आजच्या घोळाची मुळं मात्र २००० नंतरची. त्या वर्षी एलटीओ या प्रकारची बॅकअपची टेप आली. एका कार्ट्रिजमध्ये १०० जीबी मावायचे. मी कामाला लागलो तेव्हा आमची टेपांची पेटी महापेहून वागळे इस्टेटला जायची. पेटी अॅल्युमिनियमची, आत फोम, फोममध्ये कार्ट्रिजच्या मापाच्या खाचा. कडेच्या बारकोडचा नंबर रजिस्टरमध्ये लिहायचा, कुलूप लावायचं, नेणाऱ्याची सही घ्यायची. पेटी खाडीपलीकडे पोचली की झालं ऑफसाइट. ऑडिटरही सह्या बघून समाधानी असायचा.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या मंगळवारी आमची पेटी विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यामुळे अर्ध्या वाटेवरून परत आली, आणि वीज दोन्ही टोकांना नव्हती. टेपा कोरड्या राहिल्या म्हणून निभावलं. पण एकाच पावसात सापडणाऱ्या दोन इमारतींपैकी एकीला ‘बाहेर’ का म्हणायचं, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा नीट विचारला गेला. पुढच्या काळात ज्यांना परवडलं त्यांनी एक प्रत दुसऱ्या शहरात, शक्यतो वेगळ्या भूकंप क्षेत्रात न्यायला सुरुवात केली.

क्लाउडने हे अंतर आधी खूप वाढवलं आणि मग अचानक कमी केलं. ऑगस्ट २०१२ मध्ये ग्लेशियर नावाची सेवा निघाली: एका जीबीला महिन्याला एक सेंट, आणि डेटा परत मागवला तर तीन ते पाच तास थांबायचं. डेटा जायचा थेट परदेशात. मग २०१५ मध्ये एका कंपनीने पुणे, चेन्नई आणि मुंबई अशी तीन ठिकाणं उघडली. ग्लेशियरवाल्या कंपनीने जून २०१६ मध्ये फक्त मुंबई उघडली. एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या व्यवहारांचा डेटा देशातच साठवायचा रिझर्व्ह बँकेचा आदेश आला. झालं असं, की ज्यांच्याकडे असा डेटा होता आणि सगळा कारभार ग्लेशियरवाल्या कंपनीकडे होता, त्यांना परदेशाचा रस्ता बंद आणि देशात ठिकाण एकच. ऐरोली-महापेच्या अशा कंपनीची ‘बाहेरची’ प्रत पुन्हा याच महानगरात येऊन बसली. हैदराबादचा पर्याय नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळाला. मधल्या सहा वर्षांत किती बैठका यावर खर्ची पडल्या, ते त्यात बसलेल्यांनाच ठाऊक.

विक्रेत्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: प्रत वेगवेगळ्या इमारतींत असते, टिकाऊपणा ९९.९९९९९९९९९ टक्के. आकडा खरा आहे, पण तो डिस्क किंवा यंत्र बिघडण्याबद्दलचा आहे. कुणी आत शिरून प्रत पुसली तर त्याचा उपयोग नाही, आणि माझ्या मते खरी भीती तीच होती. जून २०१७ मध्ये नोटपेट्या हा डेटा निकामी करणारा व्हायरस पसरला तेव्हा आपल्या शेजारच्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं, कंटेनरांची नोंद हाताने करायची वेळ आली. ते टर्मिनल चालवणाऱ्या जहाज कंपनीच्या जगभरातल्या डोमेन कंट्रोलरांपैकी (कुणाला आत येऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या सर्व्हरांपैकी) शाबूत राहिला तो घानामधला एक. तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता. तेव्हापासून माझ्यासाठी ऑफसाइटचं माप किलोमीटरमध्ये राहिलेलं नाही: नेटवर्कने पोचता येत असेल, तर ती प्रत बाहेर नाही. कपाटातली टेप या मापात आपोआप बसते. क्लाउडमध्ये ठरलेल्या मुदतीपर्यंत पुसताच येणार नाही असं कुलूप मिळतं, पण ते मुद्दाम लावावं लागतं.

आर्काइव्ह या शब्दाचाही थोडा घोळ आहे. बॅकअप ही चालू डेटाची दुसरी प्रत; आर्काइव्ह म्हणजे वापरातून काढलेला डेटा, बऱ्याचदा त्याची एकुलती प्रत. २०१९ मध्ये आलेल्या सर्वांत स्वस्त आर्काइव्ह स्तरात किमान १८० दिवसांचं भाडं लागतं. तिथे तीस दिवसांत पुसायचा रोजचा बॅकअप टाकला तर उरलेल्या दीडशे दिवसांचे पैसे फुकट जातात. शिवाय नेहमीच्या पद्धतीने डेटा परत यायला बारा तास, स्वस्तात हवा असेल तर अठ्ठेचाळीस.

आणि कपाटांत जुन्या टेपा आहेतच. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात, कंपनीच्या चौकशीचा आदेश निघाला असेल तर सरकार त्याहून जास्तही सांगू शकतं. एलटीओ-४ वाचू शकणारा शेवटचा ड्राइव्ह एलटीओ-६चा. त्यापुढचे ती वाचत नाहीत. नीट ठेवली तर टेप तीस वर्षं टिकते म्हणतात. ती वाचणारा ड्राइव्ह मात्र आता सेकंडहँड शोधावा लागतो, आणि मिळाला की एकेक कार्ट्रिज घालून आधी कॅटलॉग, म्हणजे तिच्यावर काय आहे याची यादी, वाचून घ्यावा लागतो, मगच क्लाउडकडे काय पाठवायचं ते ठरतं.