आजी सराफ्यात कशाला गेली?

‘दुपारी आजी सराफ्यात जाऊन आली. संध्याकाळी भांडी घासताना तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मामाच्या कॉलेजची फी भरली गेली.’

प्रश्न: फीचे पैसे कुठून आले?

उताऱ्यात सोनं, विकणं, पैसे यांतला एकही शब्द नाही. तरी इंदूरचा वाचक पटकन सांगेल, आजीनं बांगड्या मोडल्या. आपला सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि दुकानं बंद झाली की गराडू-जलेब्याचा, हे त्याला सांगावं लागत नाही. त्याच्या लेखी ‘दुपारी’ हाच पुरावा. रात्री नुसतं खाऊन गेलेला पाहुणा मात्र आजीनं काय खाल्लं असेल, याचाच विचार करत बसेल.

वॉल्टर किंच आणि टॉयन व्हान डाइक यांनी १९८३मध्ये वाचनाचे थर मांडले. सगळ्यात वर नुसते शब्द, त्याखाली वाक्यांचा अर्थ आणि तळाशी वाचकाच्या मनात उभा राहिलेला प्रसंग. या प्रसंगात उताऱ्याबाहेरचंही बरंच काही मिसळलेलं असतं. आजीचे मोकळे हात तिथेच दिसतात.

शाळेतले बरेच प्रश्न वरच्या थरावरच भागतात. हे वाचा: ‘गुमटा चिरप्याच्या बिलक्यात सटपला.’ गुमटा कुठे सटपला? चिरप्याच्या बिलक्यात. घ्या, पूर्ण गुण! ‘त’ प्रत्यय हेरला की ‘कुठे’चं उत्तर हातात येतं, गुमटा माणूस की मांजर हे कळलं नाही तरी. प्रश्नातला शब्द ज्या ओळीत आहे ती ओळ जशीच्या तशी उतरवणाऱ्या मुलांना मी आळशी म्हणणार नाही. त्यांनी परीक्षा अचूक ओळखली आहे.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक गंमत होते. मूल शाळेत हिंदी शिकतं, त्यामुळे देवनागरी पाठ असते. दिवाळी अंकातली गोष्ट ते न अडखळता मोठ्यानं वाचतं आणि आजी-आजोबा खूश होतात. मग विचारावं, ‘काय झालं रे गोष्टीत?’ गफ आणि टन्मर यांनी १९८६मध्ये सुचवलेलं सूत्र इथे चपखल बसतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य, तर सगळंच शून्य.

पण भाषा येत असली तरी विषय अनोळखी असू शकतो. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८मध्ये सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्यांच्या पुढे गेली. होळकर संघानं चारदा रणजी करंडक जिंकला त्या आपल्या गावात हे पटायला जड नाही. ‘सहा गडी बाद असताना कर्णधारानं डाव घोषित केला. तिघांना पॅड सोडावे लागले.’ तिघंच का? क्रिकेट न बघणाऱ्या भाषापंडितालाही याचं उत्तर उताऱ्यात सापडणार नाही.

आता ‘आधी प्रश्न वाचा, मग उतारा’ हा शिकवण्यांमधला लाडका सल्ला. पिचर्ट आणि अँडरसन यांनी १९७७मध्ये एका घराचं वर्णन वाचायला दिलं. काहींना चोराच्या नजरेनं, काहींना घर विकत घेणाऱ्याच्या. ज्याला जे हवं होतं, तेच त्याच्या जास्त लक्षात राहिलं. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात, एकदा आठवून झाल्यावर वाचकांना भूमिका बदलायला सांगितली, तेव्हा आधी न सांगितलेले काही तपशीलही आठवले.

म्हणजे प्रश्न आधी कळला, की नजर त्याच दिशेनं धावते. रेल्वेच्या वेळापत्रकासाठी किंवा खतांवरच्या माहितीसाठी ते सोयीचंच. गोष्टीच्या बाबतीत मला हा सल्ला मुळीच पटत नाही. ‘फी कोणी भरली?’ एवढंच शोधत निघालेलं मूल तिसऱ्या वाक्यावर थेट उडी मारतं, आणि बांगड्या राहतात दुसऱ्या वाक्यात.